एटीएमच्या तारेवरून ताईचं मनगट

धाकटीच्या हट्टापुढे घरात कुणाची डाळ शिजत नसे. त्या दिवशी मात्र गाठ पडली होती एका मुक्या तारेशी.

धाकटी मोठ्या रुग्णालयातली युनिक्सवर चालणारी संगणक मशीनं सांभाळायची. तिची ताई नदीपलीकडच्या शाखेत एक्सरे काढायची. तिकडे एक्सरे वाचणारा डॉक्टर नव्हता, म्हणून फिल्म गाडीतून इकडे यायची आणि हाड मोडलेला माणूस तोवर बाकावर कण्हत बसायचा. व्यवस्थापकांनी निर्वाणीचं सांगितलं होतं: दुपारपर्यंत फोटो तारेवरून इकडे दिसला तर ठीक, नाहीतर ताईची खोली बंद.

तार एटीएमची. पैसे काढायचं ते एटीएम नव्हे. हे सांगता सांगता धाकटीच्या तोंडाला फेस आला होता. या तारेवरून माहिती जाते ती एकाच मापाच्या बारक्या तुकड्यांनी, टेलिफोन एक्सचेंजमार्गे. त्यावर आयपी, म्हणजे संगणकांची नेहमीची बोली, चालवायची म्हणजे माहितीचं मोठं पाकीट कापायचं, तुकडे पाठवायचे, पलीकडे पुन्हा जोडायचे. एक तुकडा हरवला की अख्खं पाकीट फुकट. दोन्ही मशीनांवरचे पत्ते आणि सर्किटचे, म्हणजे त्यांच्यामधल्या जोडणीचे, आकडे धाकटीने स्वतः भरले होते. पिंग केलं, म्हणजे नुसती हाक मारली, की ताईचं मशीन लगेच ओ द्यायचं. फोटो मागितला की चिडीचूप.

"एक्सचेंजवाल्यांचा घोळ आहे," असं म्हणून तिचे साहेब जेवायला निघून गेले. बरोबर आहे, खोली काय त्यांच्या बहिणीची होती?

फोनवर ताई म्हणाली, "सोड गं. मी बघेन दुसरीकडे कुठेतरी."

"गप बस. कुठे जाऊ नकोस खुर्चीवरून."

धाकटीने पिंग हळूहळू मोठं करत नेलं. छोटं गेलं. जरा मोठं गेलं. आणखी मोठं केलं आणि उत्तर बंद. म्हणजे पत्ता बरोबर, तार धड. पाठोपाठ खूप तुकडे सुटले की मधे कुणीतरी काही फेकून देत होतं. का बरं? तिने एक्सचेंजचा करार पुन्हा उघडला. वेग, दहा हजार. हाच आकडा तिने मशीनमधल्या, तार जोडायच्या कार्डाला दिला होता. मग शेजारचा शब्द तिने नीट वाचला, आणि तिचे कान तापले. एक्सचेंज मोजत होतं सेकंदाला तुकडे. कार्ड मोजत होतं किलोबिट. करारातले दहा हजार तुकडे म्हणजे जेमतेम सव्वाचार हजार किलोबिट. ती दुपटीहून जास्त वेगाने तुकडे कोंबत होती, आणि एक्सचेंज जादाचे निमूटपणे टाकून देत होतं. साहेबांना नावं ठेवायची सोय उरली नाही. घोळ तिचाच होता.

तिने इकडचा वेग बदलला. पण तिकडचा बदलायचा तर तिकडचं सर्किट आधी पाडून पुन्हा उभारावं लागणार, आणि ते पडलं की तिला तिथे पोचायला वाटच नाही.

"ताई, आता तू टाइप कर. मी सांगते."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"अक्षरं कळतात ना? एकेक सांगते. मधे वाद घालायचा नाही."

"वाद तू घालतेस," ताई म्हणाली, पण तिने टाइप केलं. एकदा चुकली, खोडून पुन्हा केलं. धाकटी ओरडली नाही. याची नोंद कुणीतरी घ्यायला हवी होती.

"आता फोटो पाठव. कुठला पाठवतेयस?"

"आहे एक. बघशीलच."

व्यवस्थापक डॉक्टरांना घेऊन आले तेव्हा फोटो पडद्यावर वरून खाली उतरत होता. बोटं आली, तळवा आला, मग मनगट. डॉक्टर वाकून म्हणाले, "जुनं फ्रॅक्चर आहे. लहानपणी पडली असणार."

धाकटीने ताईचं मनगट ओळखलं. पडली नव्हती, झोपाळ्यावरून ढकलली होती. आणि ढकललं कुणी, हे घरात ताईने आजवर सांगितलं नव्हतं.

"स्पष्ट दिसतंय," डॉक्टर व्यवस्थापकांना म्हणाले. "गाडी कशाला हवी? इथूनच वाचतो मी." व्यवस्थापकांनी मान हलवली.

धाकटीने फोन कानाला लावला. "ताई, खोली वाचली. आणि ते मनगट..."

"ते राहू दे," ताई म्हणाली. "बाकावर चार जण बसलेत. पहिल्याला आत घेते."