दोन फिती

"बाबा, ते खाली उतरवा. आत्ताच्या आत्ता."

कोथिंबिरीची जुडी टेबलावर आपटून वैदेही देवदत्तसमोर उभी राहिली. कॅनडाच्या सैन्यातली त्याची मुलगी चार वर्षांनी रजेवर अंबरनाथला आली होती. सकाळी भाजी आणायला म्हणून नाक्यावर गेली, ती अशी फणफणत परत आली.

देवदत्तने पेपर खाली केला नाही. "काय उतरवा?"

"नाक्यावरच्या मैदानाच्या कुंपणावरचा बॅनर. तोंड माझं आणि खाली भलत्याच कोणाचं तरी अंग!"

असा बॅनर कोणी उतरवायला लावतं का, असं देवदत्तला वाटलं. 'कॅनडाच्या सैन्यात कॅप्टनपदी निवड झाल्याबद्दल वैदेहीताईंचे हार्दिक अभिनंदन'. त्याखाली 'शुभेच्छुक: सुभेदार देवदत्त आणि समस्त भरतीपूर्व प्रशिक्षण परिवार'. संध्याकाळी त्याच मैदानावर तिचा सत्कार होता. देवदत्त जिथे पोरांना भरतीसाठी पळवायचा ते हे मैदान.

"मी कॅप्टन नाहीये. कॉर्पोरल आहे. मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं तुम्हाला."

"इथे कोणाला कळतंय कॉर्पोरल न् बिर्पोरल?"

"माझ्या युनिटमध्ये कळतं ना! नाक्यावर दोघांनी त्याचा फोटो काढून फेसबुकला टाकला, वर मला टॅग केलं. माझ्या सार्जंटने बघितलं तर? ऑफिसरची रँक लावून मिरवते म्हणून चार्ज लागेल मला. बापाने लावली, हे कोण ऐकून घेणारे?"

फोटो तिचाच होता. गडद हिरवा कोट, डोक्यावर बेरे टोपी, छातीवर डावीकडे लाल पॉपीचं फूल. नोव्हेंबरात युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी तिकडे सगळे लावतात तसं. आणि दोन्ही बाह्यांवर दोन-दोन फिती. बॅनर छापायच्या वेळी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या फ्लेक्सवाल्या सिंधी साईंनी तो स्क्रीनवर मोठा केला आणि नाक मुरडलं. "सुभेदारसाब, पट्टी में दम नहीं है. बेटी फॉरेन में है, कंधे पे स्टार चाहिए. कॅप्टन कर दूँ?" देवदत्त त्या फितींकडे जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "कर दो."

खरी गोष्ट ही, की त्याला त्या दोन फितीच नको होत्या. कॉर्पोरल म्हणजे आपल्याकडचा नायक. आणि देवदत्त फौजेतून नायक म्हणूनच घरी आला होता. हवालदारकीच्या परीक्षेत नकाशाच्या पेपराला दोनदा आपटला. त्याच्याबरोबर भरती झालेला गडी सुभेदार होऊन रिटायर झाला आणि हा दोन फितींवर शिळा होत राहिला. इकडे सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगला सेक्रेटरीने 'आपले सुभेदार साहेब' म्हणून त्याची ओळख करून दिली. त्याने ती दुरुस्त केली नाही. एकदा गप्प बसलं की दुसऱ्यांदा गप्प बसणं सोपं जातं. पुढे मैदान सुरू झालं तेव्हा पाटीवरसुद्धा सुभेदारच रंगला. घरात बायकोला, मीनलला, सगळं ठाऊक होतं. तीही गप्पच.

"बरं, कॅप्टन नाही तर नाही," तो पेपर फेकत म्हणाला. "निदान संध्याकाळी युनिफॉर्म तरी घाल. मी शब्द दिलाय लोकांना."

"आणलाच नाही. रजेवर असताना दुसऱ्या देशात परवानगीशिवाय घालायचा नसतो."

"नियम मला शिकवू नकोस! बावीस वर्षं फौजेत काढलीत मी!"

"म्हणून तर डोकं फिरतंय माझं! फौज न बघितलेल्या माणसाने हे केलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं."

आता मात्र देवदत्तचा तोल गेला. "मला राग यायला पाहिजे, तुला नाही! त्या फौजेत शिरायला इंग्रजांच्या राजाची शपथ घेऊन बसलीस. लोकांनी मला तोंडावर विचारलं, 'काय सुभेदार, पोरगी गोऱ्यांची चाकरी करते म्हणे?' गिळलं मी ते! आणि चार वर्षं बर्फात ट्रकखाली लोळून तू कमावलंस काय? दोन फिती! सांगायची लाज वाटते मला!"

"अहो..." मीनल स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिथेच थांबली.

वैदेहीचा आवाज एकदम खाली आला. तो आरडाओरड्यापेक्षा वाईट होता. "नवी रँक घरच्या माणसाने लावून द्यायची पद्धत आहे तिकडे. प्रमोशनला सगळ्यांची आईवडील, बायकापोरं आली होती. मी तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला, निदान बघाल तरी म्हणून. तुम्ही राजाच्या शपथेवर रुसून बसला होतात, उचलला नाही. माझ्या फिती सार्जंटने लावल्या." ती आत जायला वळली आणि परत फिरली. "लहानपणी तुमचा शर्ट इस्त्रीला द्यायला मी न्यायचे ना, तेव्हा त्या फितींवरून बोट फिरवत जायचे. मला तेवढंच व्हायचं होतं, बाबा. तुमच्याएवढं. त्याचीच तुम्हाला लाज वाटते."

देवदत्त चप्पल अडकवून बाहेर पडला. बॅनर काही उतरला नाही.

संध्याकाळी मैदान भरलं. सेक्रेटरी आले, नगरसेवकाचा माणूस हार घेऊन आला, भरतीची पोरंपोरी रांगेत उभी राहिली. वैदेही साध्या पंजाबी ड्रेसमध्ये आईबरोबर आली. ती आली हेच पुष्कळ, असं मनाशी म्हणत देवदत्तने नेहमीच्या खड्या आवाजात हुकूम सोडला, "कॅप्टन मॅडमना... सॅल्यूट!"

सगळे पंजे कपाळाला गेले. वैदेहीचे हात मांड्यांना चिकटलेलेच राहिले. तिने पुढे होऊन माईक घेतला.

"हात खाली करा. मी कॅप्टन नाही, बॅनर चुकीचा आहे. मी कॉर्पोरल आहे, लष्कराच्या ट्रकची मेकॅनिक. आम्हाला कोणी सॅल्यूट मारत नाही. आम्ही ऑफिसरला मारतो."

मैदानात कुजबुज झाली. पहिल्या रांगेतल्या पायलने हात वर केला. दोन वर्षं ती रोज पहाटे बदलापूरहून सरावाला येत होती. "मॅडम, कॉर्पोरल म्हणजे आपल्याकडे काय?"

एका शब्दाचं उत्तर होतं. वैदेहीने ते दिलं नाही. माईक देवदत्तपुढे धरून ती म्हणाली, "ते तुमचे उस्ताद सांगतील."

तो माईक तिथेच आपटावा असं देवदत्तला वाटलं. पोटच्या पोरीने भर मैदानात कोंडीत पकडलं होतं. 'हवालदार' असं सांगून मोकळं होता आलं असतं. कोण तपासायला जाणार होतं? पण वैदेही टाचा जोडून, नजर समोर ठेवून सावधान उभी होती. तिला तसं उभं राहायला त्यानेच शिकवलं होतं, गॅलरीत, पाचवीत असताना.

"नायक!" तो जवळजवळ ओरडलाच. "दोन फिती. फुकट मिळत नाहीत त्या. मला पण तेवढ्याच होत्या. मी सुभेदार कधीच नव्हतो."

मागे कोणीतरी हसलं. सेक्रेटरी मोबाईलमध्ये बघू लागले. नगरसेवकाच्या माणसाने हार कोणाच्या गळ्यात घालावा हे न कळून तो खुर्चीवर ठेवला आणि फोन आल्यासारखं करत तो निघून गेला. तासाभरात अर्ध्या अंबरनाथला बातमी पोचणार होती.

"चला, घरी जा सगळे," देवदत्त म्हणाला. पोरांनी रोजच्या सवयीने त्याला सॅल्यूट ठोकला.

"हात खाली!" त्याचा आवाज फाटला. "नायकाला सॅल्यूट नसतो. एवढंही शिकवलं नाही का मी तुम्हाला?"

नव्हतंच शिकवलं. पोरं एकमेकांकडे बघत पांगली. पायल मात्र जरा थांबली, "येते, उस्ताद," म्हणाली आणि गेली.

मैदान रिकामं झाल्यावर देवदत्तने खुर्ची ओढून कुंपणाला लावली आणि वर चढून बॅनरच्या दोऱ्या कापायला सुरुवात केली. खाली पडलेलं टोक वैदेहीने उचललं. राग कोणाचाच गेला नव्हता. फ्लेक्स जमिनीवर पसरला तेव्हा कॅप्टनच्या अंगावरचं तिचं तोंड आभाळाकडे बघत राहिलं. मीनल हार हातात धरून बाजूला उभी होती.

"तुमच्याकडे फिती दोन्ही बाह्यांवर असतात?" देवदत्तने तिच्याकडे न बघता विचारलं.

"हो. दोन्ही."

"आपल्याकडे एकाच. उजव्या."

एवढं बोलून त्याने खाली वाकून फ्लेक्सची उजवी बाजू धरली. वैदेहीने डावी धरली. घरी चादरीची करतात तशी त्यांनी त्याची घडी घातली, तोंड आतल्या बाजूला घेऊन.