पिटुकची भरलेली बाटली

अशी कल्पना करा, की तुमची उंची अचानक निम्मी झाली आहे. हवं तर डोळे मिटा. आता दिव्याचं बटण कुठे गेलं? वर, पार वर. टेबलावरचा खाऊ दिसत नाही. दिसते ती टेबलाची खालची बाजू, आणि तिथे कुणीतरी गुपचूप चिकटवलेला च्युइंगमचा गोळा. मोठ्या माणसांशी बोलायचं तर मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. झालात छोटे? मग आता तसेच राहा. ही गोष्ट त्याच उंचीवरून ऐकायची आहे.

एक मुलगी होती, सहावीतली. नाव चांगलं ऐटदार होतं, पण ते हजेरीपुरतं. एरवी तिला सगळे झटपट म्हणायचे, कारण प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. गणिताच्या बाईंनी नुसतं "एका टाकीत" म्हटलं, की हिचा हात वर. टाकीत काय आहे ते तरी ऐकून घे, असं बाई रोज म्हणायच्या आणि रोज थकायच्या.

तिच्या बाबांचं कुलपांचं दुकान होतं. दुकानाच्या अर्ध्या भागात बाबा कुलपं, कड्या आणि बिजागऱ्या दुरुस्त करायचे, उरलेल्या अर्ध्यात आई पडदे शिवायची. त्यामुळे घरात एका बाजूने ठकठक आणि दुसऱ्या बाजूने मशीनची घरघर अखंड चालू. या आवाजात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे, आणि ते कुणाला जड जात नसे. जड जायचं ते फक्त घरातल्या सगळ्यात छोट्या माणसाला. तो झटपटचा भाऊ, यंदाच पहिलीत गेलेला. त्याला सगळे पिटुक म्हणत. पिटुक हळू बोलायचा, आणि बऱ्याचदा त्याचं बोलणं मशीनखाली हरवून जायचं.

तर झालं असं, की पिटुकची पाण्याची बाटली शाळेतून रोज भरलेली परत यायची. सकाळी जेवढी, तेवढीच संध्याकाळी. आईने समजावलं, दटावलं, बाटली बदलली, सरबत भरून पाहिलं. बाटली भरलेलीच. दुसऱ्या महिन्यात पिटुकला लघवीला जळजळ व्हायला लागली. तपासून डॉक्टर म्हणाले, दुसरं काही नाही, पोटात पाणी जात नाहीये, आणि असंच चाललं तर हे दुखणं पुन्हा पुन्हा डोकं वर काढेल. आईने ठरवून टाकलं. महिनाअखेरपर्यंत बाटली रिकामी व्हायला लागली नाही, तर पिटुकने या वर्षी घरीच राहायचं, शाळेचं पुढच्या वर्षी बघू.

पिटुक दप्तर उशाशी घेऊन झोपणारा मुलगा होता. त्या दिवशी तो दप्तराला मिठी मारून झोपला.

त्याच आठवड्यात हस्तकलेच्या सरांनी सहावीला काम दिलं. हे सर इतके जुने, की आताच्या मुख्याध्यापिका बाईसुद्धा लहानपणी त्यांच्याकडे कागदाच्या होड्या शिकल्या होत्या. काम असं: आपल्या ओळखीतल्या एका माणसाची एक अडचण शोधायची आणि ती सुटेल असं काहीतरी हाताने बनवायचं. पण सरांची एक अट असे. वहीच्या डाव्या पानांवर फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं. उजव्या पानांवर, आपण काय करू ते. आणि उजव्या पानांना सर कपडे वाळत घालायचा चिमटा लावून द्यायचे. डावी पानं भरली की सर स्वतःच्या हाताने चिमटा काढणार.

झटपटने तो त्याच संध्याकाळी काढला.

तिला उत्तर ठाऊक होतं ना. पिटुकला पाणी प्यायचा कंटाळा येतो, म्हणजे बाटली मजेची हवी. तिने बाटलीच्या मागच्या बाजूला आतल्या तोंडाने चित्रं चिकटवली. भरलेल्या बाटलीतून ती नुसती वेडीवाकडी दिसायची, आणि पाणी खाली जाईल तसं एकेक चित्र नीट उघडं पडायचं. आधी मासा, मग बेडूक, आणि अगदी तळाशी जबडा उघडलेला सिंह.

दुसऱ्या दिवशी बाटली रिकामी आली. तिसऱ्या दिवशीही. आईने झटपटच्या पाठीवरून हात फिरवला, आणि बाबांनी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती बाटली दाखवली. झटपटच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सरांनी मात्र वही चाळली. उजवं पान गच्च, डावं कोरं.

"बाटली रिकामी झालेली तू पाहिलीस," सर म्हणाले. "त्याला पाणी पिताना पाहिलंस का?"

झटपटकडे उत्तर नव्हतं. असं तिच्या बाबतीत पहिल्यांदाच होत होतं, त्यामुळे तोंड उघडं ठेवावं की मिटावं, हेही तिला कळेना.

उत्तर चौथ्या दिवशी आलं. पहिलीच्या बाईंनी तिला बोलावून वर्गाच्या दाराजवळची कुंडी दाखवली. कुंडीतलं झाड पिवळं पडून मान टाकून उभं होतं, आणि खाली चिखलाचं तळं साचलं होतं. तळ्याच्या काठावर इवल्याशा बुटांचे ठसे होते. सिंह पाहायला सगळं पाणी या कुंडीत गेलं होतं.

तिला असा राग आला, की पिटुकला गाठून चांगला खडसवावा. ती तणतणत सरांकडे गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं, वहीला चिमटा परत लावला आणि म्हणाले, "उद्याचा दिवस पहिलीत जाऊन बस. बाईंना मी सांगतो. आणि उभी राहू नकोस हं, दिवसभर गुडघ्यावर."

सहावीतली मुलगी पहिलीत गुडघ्यावर बसते, म्हटल्यावर पोरांना पर्वणीच. एकाने तिला विचारलं, तू नापास होऊन आलीस का. किती वेळा झालीस, हे दुसऱ्याने. झटपटने दात आवळले आणि लिहायला घेतलं. पिटुक बाटली उघडतो. ओठ ओले करतो. बाटली बंद करतो. मधल्या सुट्टीत तो बाथरूमच्या दाराशी जातो. वर बघतो. परत येतो. दोन मुली जोडीने जातात; एक आत, दुसरी बाहेरून दार धरून. एक मुलगा आत बसून मोठमोठ्याने गातो, म्हणजे कुणी दार ढकलू नये. पिटुक पुन्हा दाराशी जातो. वर बघतो. परत येतो.

वर काय आहे? सगळे वर्गात गेल्यावर झटपट आत शिरली आणि गुडघ्यावर बसूनच तिने दार लोटलं. वर होती कडी. लोखंडाची, जाडजूड, आरशासारखी चकचकीत. गुडघ्यावरून तिथे तिची जेमतेम बोटं पोचत होती, आणि कडी सरकवायला बोटं पुरत नव्हती, अंगाचा भार टाकावा लागत होता.

ती कडी झटपट चांगली ओळखत होती. सुट्टीत बाबांनी स्वतः घडवून शाळेला भेट दिली होती. आधीच्या पातळ कड्या पोरं धक्क्याने उघडायची, म्हणून.

संध्याकाळी तिने पिटुकला पडद्यांच्या ढिगाऱ्यामागे नेलं. "का पीत नाहीस" असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून ती म्हणाली, "बाथरूममध्ये काय झालं ते सांग. मी मध्ये बोलणार नाही."

आणि खरंच बोलली नाही. पिटुकने मग हळूहळू सांगितलं. शाळेच्या पहिल्या आठवड्यात तो आत गेला होता. लोंबकळून कडी लावली, ती लागली, पण उघडेना. हाका मारल्या, पण बाहेर कवायत चालली होती. शेवटी बूट काढून, बुटाने ठोकून ठोकून त्याने ती उघडली. तेव्हापासून पाणीच प्यायचं नाही, म्हणजे आत जायलाच नको.

"बाबांना सांगू नकोस," पिटुक म्हणाला. "त्यांनी ती खूप छान केलीये."

ही कडी शंभर वर्षं हलायची नाही, असं बाबा दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्यांना कसं सांगायचं? सांगितलं नाही, तर पिटुकची शाळा सुटणार. रात्रभर विचार करून तिने ठरवलं, सांगायचंच नाही. दाखवायचं.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर सरांकडून किल्ली घेऊन ती बाबांना आणि पिटुकला त्या बाथरूमपाशी घेऊन गेली; सरही आले. बाबांच्या दोन्ही हातांची तीन-तीन बोटं तिने पडद्याच्या पट्ट्यांनी बांधून टाकली आणि त्यांना सांगितलं, गुडघ्यावर बसून आत जायचं, कडी लावायची, आणि उठून उभं न राहता बाहेर यायचं. बाबांना वाटलं, काहीतरी खेळ असेल. जाताजाता सरांना म्हणाले, "सर, तुमच्या शाळेत पालकांनाही शिक्षा असते हे माहीत नव्हतं."

दार बंद झालं. बरीच धडपड ऐकू आली, मग कडी लागल्याचा खणखणीत आवाज. मग पुन्हा धडपड. मग काहीच नाही.

"अगं, जरा उघड गं बाहेरून."

"बाहेरून कशी उघडणार, बाबा? कडी आत आहे."

सर भिंतीकडे बघत उभे. पिटुकने ताईचा फ्रॉक घट्ट धरून ठेवलेला. आणि मग आवाज यायला लागला, ठक, ठक, ठक. कडी सरकली, दार उघडलं, आणि घामाघूम झालेले बाबा गुडघ्यावरच बाहेर आले. त्यांच्या हातात त्यांचा बूट होता.

पिटुक बुटाकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "मीपण बुटानेच उघडली होती."

बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा कडीकडे. आता दोघांची तोंडं अगदी समोरासमोर होती. त्यांना सगळं समजलं. त्यांनी बूट खाली ठेवला. मग म्हणाले, "हलायची नाही म्हणालो होतो ना मी? पिटुक, तुझा बाप शब्दाचा पक्का आहे." आणि ते हसायला लागले. पिटुक हसला, झटपट हसली, आणि सरांना तर हसताहसता ठसका लागला. बाबांनी बांधलेली बोटं सोडवायचीही वाट पाहिली नाही. तशीच त्यांनी पिटुकला कवेत घेतलं.

कडी बाबांनीच काढली, आणि सरांनी वहीचा चिमटा काढला. आता खरा प्रश्न समोर आला: कडी नाही, तर आत कुणी आहे हे बाहेरच्याला कळायचं कसं?

झटपटला अर्थातच लगेच सुचलं. दाराबाहेर एक लाल टोपी टांगायची. आत जाणाऱ्याने ती घालून जायचं. टोपी नाही, म्हणजे आत कुणीतरी आहे. सोमवारी करून पाहिलं. पहिल्याच मुलाला टोपी इतकी आवडली, की तो ती घालून थेट वर्गात जाऊन बसला. अर्धी पहिली रिकाम्या बाथरूमसमोर पाय आवळून घंटा होईपर्यंत उभी. झटपटने हे डाव्या पानावर लिहिलं. या वेळी तिला रागही आला नाही, उलट लिहिताना हसू आवरेना.

"टोपीला दोरी बांधा," संध्याकाळी घरी पिटुक म्हणाला. मशीन चालू असूनही या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं, कारण सगळे त्याच्याचकडे बघत होते. "मग ती पळून जाणार नाही."

तिथून गाडी धावायलाच लागली. टोपी डोक्यावर टिकेना, म्हणून आईने पेटीतून पडद्याचं लाकडी कडं काढून दिलं, मनगटात सहज जाईल एवढं. बाबांनी लाकडाचं बदक कापलं, पिटुकने ते पिवळं रंगवलं, आणि थोडंसं स्वतःलाही. दाराच्या वर एक भोक, त्यातून दोरी. दोरीच्या आतल्या टोकाला कडं, बाहेरच्या टोकाला बदक. आत गेलेल्याने कडं खाली ओढून मनगटात घालायचं, की बाहेर बदक वर चढून बसतं: आत कुणीतरी आहे. निघताना कडं काढावंच लागतं, कारण दोरी दाराबाहेर पुरत नाही. आणि ते सोडलं, की बदक आपल्याच वजनाने खाली येतं. लक्षात ठेवायचं काहीच नाही. दार आपोआप मिटावं म्हणून बाबांनी रबराची पट्टी लावली, आणि दार करंगळीनेही उघडतं का, हे दहा वेळा पाहिलं. गुडघ्यावर बसून.

गुरुवारी पिटुक कुणी न सांगता अर्धी बाटली गटागट प्यायला आणि आत गेला. बदक वर चढलं. बाहेर आख्खी पहिली श्वास रोखून बघत होती. बदक खाली आलं, पिटुक बाहेर आला, आणि पोरांनी अशा टाळ्या वाजवल्या, की शेजारच्या वर्गातल्या बाई पाहायला आल्या.

त्या संध्याकाळी बाटली रिकामी आली. आईने डोळे बारीक करून विचारलं, कोणत्या झाडाला पाजलंस रे? पिटुक उत्तर द्यायला थांबलाच नाही. दप्तर टाकून तो घरातल्या बाथरूमकडे पळाला, आणि आईला जे समजायचं ते समजलं. घरी राहायची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही.

पुढच्या आठवड्यात शाळेत एक नवीनच गंमत झाली. बदकापायी पहिलीतली सगळीच पोरं पाणी प्यायला लागली होती. मधल्या सुट्टीपर्यंत साऱ्यांच्या बाटल्या रिकाम्या, आणि नळापुढे ही लांबलचक रांग. नळ होता मोठ्यांच्या उंचीचा. एक पोरगा दुसऱ्याच्या पाठीवर चढून बाटली भरत होता, आणि अर्धं पाणी खालच्याच्या डोक्यावर.

झटपट तिथून चालली होती. तिने ते पाहिलं, आणि तिच्या डोक्यात लगेच उत्तर आलं. अगदी झकास उत्तर.

तिने खिशातून चिमटा काढला, वहीच्या उजव्या पानांना लावला, आणि नळासमोरच्या ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली.