टिपरू खाली टांगा

मित्रांनो, कुणी मला ओंडका म्हणालं तरी मी रागावत नाही. आहेच मी ओंडका. फणसाचा, उभा केला तर माणसाच्या छातीला लागेल इतका लांब, आतून पोखरलेला आणि समोर उभी चीर पाडलेला. माझ्यावर कातडं नाही, ताणलेल्या दोऱ्या नाहीत. टिपरू उचलावं आणि चिरेच्या ओठावर हाणावं, की माझा आवाज नारळाच्या बागा ओलांडून भाताच्या पार शेवटच्या बांधापर्यंत जातो. जावा बेटावरच्या आमच्या सुंबरवुंगू वाडीत मला केंतोंगान म्हणतात. गस्तीच्या चौकीच्या वाशाला मी टांगलेला आहे आणि तिथूनच मी सगळी वाडी पाहिली.

मला घडवलं म्बा विर्यो यांनी. आमच्याकडे आजोबांनाही म्बा म्हणतात आणि आजीलाही. पण तेव्हा ते आजोबा नव्हते, नुकतं मिसरूड फुटलेले सुतार होते. वादळात पडलेल्या फणसाचा बुंधा त्यांनी निवडला आणि छिन्नी चालवताना दर थोड्या वेळाने मला टिचकी मारून कान लावला. त्यांचे वडील शेजारी बसून दम देत होते, "जास्त कोरलंस तर बोबडा होईल, कमी कोरलंस तर मुका. घाई करू नकोस, गाढवा." मी बोबडाही झालो नाही आणि मुकाही झालो नाही. ज्या दिवशी मला टांगलं त्या दिवशी साऱ्या वाडीने पिवळा भात शिजवला आणि माझ्यावर फुलं उधळली. मी तेव्हा जरा फुगलोच होतो, कबूल करतो.

माझ्या आवाजाच्या खुणा ठरलेल्या असतात. कुणी गेलं तर सावकाश एकेक ठोका. चोर आला तर दोन-दोन. आग लागली तर तीन-तीन. पूर आला, म्हैस पळवली, सगळं क्षेमकुशल आहे, प्रत्येकाची खूण निराळी. या खुणा इथल्या पोरांना अक्षरओळखीच्या आधी येतात. आणि आगीच्या खुणेचा एक नियम फार कडक आहे: आधी पाणी, मग प्रश्न. तीन-तीन ऐकलं की हातातलं टाकायचं, बादली भरायची आणि धावायचं. टोफूवाल्याचं छप्पर पेटलं तेव्हा माझ्या हाकेने अख्खी वाडी गोळा झाली आणि त्याची भट्टी सोडून सगळं वाचलं. महिनाभर लोक येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारायचे.

मग फोन आले. माझं काम आटलं. कोंबड्या रात्री माझ्यावर बसू लागल्या, निवडणुकीतल्या उमेदवाराने आपला हसरा फोटो माझ्या पोटावर चिकटवला, आणि गस्तवाले माझ्या चिरेत विडीची थोटकं टाकू लागले. टिपरू पोरं खेळायला नेतात म्हणून कुणीतरी ते पार वर, वाशाच्या खिळ्याला अडकवून ठेवलं. महिन्यातून एकदाच ते खाली यायचं, बाळांचं वजन करायचा दिवस असला की. माझ्या हाकेवर पोरं कडेवर घेऊन बाया चौकीच्या अंगणात जमायच्या. म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब तपासणं त्याच दिवशी, त्याच अंगणात.

आता जे सांगतो ते मला आवडत नाही, पण सांगायला हवं. चौकीच्या बरोबर समोर म्बा सामिना यांचं घर. त्यांचा मुलगा सुगेंग, सून पार्तिना आणि तान्ही नात सेकार. सुगेंगसारखा हसतमुख माणूस वाडीत शोधून सापडला नसता. लग्नाचा मांडव असो की तुंबलेला पाट, सगळ्यांच्या आधी तो हजर. पार्तिना पहाटे तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, केळीच्या पानात बांधून बाजारात विकायची. आणि संध्याकाळी त्या घरातून भांडं आपटल्याचा आवाज यायचा, मग दुसरा एक आवाज, जो भांड्याचा नसायचा.

चौकीत बसलेल्यांना तो ऐकू येत होता. माझ्यापेक्षा जास्त अंतरावर नव्हते ते. कुणीतरी रेडिओ मोठा करायचं. वाडीप्रमुख पाक तार्जो, पाक म्हणजे आमच्याकडे काका, सोंगट्या मांडता मांडता म्हणायचे, "घरातलं आहे ते. आपण कशाला नाक खुपसायचं?" त्यांना कमी ऐकू येतं, पण इतकंही कमी नाही. मित्रांनो, म्हशीच्या चोरीला माझ्याकडे खूण होती. या आवाजाला नव्हती. आणि खूण असती तरी काय, मला स्वतःहून वाजता येत नाही. इतकं मोठं पोट आणि आत नुसता अंधार, असं मला तेव्हा वाटायचं.

याला पहिल्यांदा बोट लावलं ते आमच्या सुईणबाईंनी. आमच्याकडे बाईंना बू म्हणतात. बू विदुरी सरकारी आरोग्य केंद्रातून फटफटीवरून येतात, आणि वाडीतल्या बाया त्यांना डॉक्टरपेक्षा जास्त घाबरतात. सेकारचं वजन वाढत नव्हतं. बू विदुरींनी अंडी सांगितली, औषध दिलं, तरी काटा हलेना. मग एकदा त्यांनी पार्तिनाला माझ्या मागच्या बाजूला नेलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाळाचं राहू दे. तू जेवतेस का? आणि बाही एवढी खाली का ओढतेस?" पार्तिनाने बाही आणखी खाली ओढली. मग म्हणाली, "तुम्हाला कळवायला फोन होता, बू. परवा त्याने भिंतीवर फोडला."

"तुला आत्ता निघायचं असेल तर माझी गाडी आहे," बू विदुरी म्हणाल्या.

"सासूबाईंना एकटं टाकून? त्यांनाही ढकलतो तो."

बू विदुरींनी तिचं नाव कुठेही घेतलं नाही. पण पुढच्या वजनाच्या दिवशी त्यांनी बायांबरोबर पुरुषांनाही थांबवून घेतलं. एरवी दर आठवड्याला बाया घरोघर जाऊन हौदात डासाच्या अळ्या शोधतात, त्याचंच काहीतरी असेल म्हणून पुरुष बसले.

"पाक तार्जो, गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने किती पोरं तापली?" बू विदुरींनी विचारलं.

"पुष्कळ. माझा नातूसुद्धा."

"अळ्या कुणाच्या हौदात होत्या?"

पाक तार्जोंनी मान खाली घातली. अळ्या त्यांच्याच हौदात होत्या, आणि ते वाडीला ठाऊक होतं. बाया हसल्या.

"तेव्हा तुम्ही म्हणालात का, हौद माझा आहे, आत डोकावू नका? नाही म्हणालात. कारण अळी एका हौदात असते, पण ताप गल्लीभर जातो. घरातली मारहाण तशीच आहे. आईला मार बसला की दूध आटतं, बाळ वाढत नाही. जे पोर ते बघत मोठं होतं ते उद्या आपल्या घरात तेच करतं. माझ्या दवाखान्यात हे रोज येतं, पडले म्हणून सांगत. हा आजार आहे, आणि तोही पसरणारा. अळ्या झाकून ठेवायच्या नसतात."

पुरुष खाकरले. कुणीतरी म्हणालं, "घरच्या गोष्टी चव्हाट्यावर आणायच्या म्हणजे..." आणि वाक्य तिथेच सोडून उठलं. पण रक्तदाबाच्या रांगेत बसलेल्या म्बा सामिना उठल्या नाहीत. दंडाला पट्टा बांधलेला, पाठ वाकलेली. त्या हातातल्या पानाच्या डबीकडे बघत बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब इतका चढला की बू विदुरींनी दोनदा मोजला.

आणि मग तो दिवस आला. उन्हं उतरत होती, भातकापणीवरून माणसं परतत होती. समोरच्या घरात आवाज चढला. या वेळी बाळही रडत होतं. दार उघडलं आणि म्बा सामिना अनवाणी बाहेर आल्या. चौकी रिकामी होती. त्या थेट माझ्यापाशी आल्या आणि वर पाहिलं.

टिपरू खिळ्याला. त्यांचा हात माझ्या कमरेपर्यंतही पोचेना. त्यांनी उडी मारून पाहिली. मित्रांनो, वाकल्या पाठीची म्हातारी उडी मारते हे पाहणं सोपं नसतं. मी सगळं बळ एकवटून लोंबकळलो, पण ओंडक्याला खाली झुकता येत नाही. त्या मागे वळल्या. मला वाटलं, संपलं.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात मिरची वाटायचा दगडी बत्ता होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि माझ्या ओठाच्या खालच्या टोकावर हाणला. दगडाने मला आजवर कुणी मारलं नव्हतं. माझं लाकूड फुटलं, ढलपी उडाली, पण आवाज असा निघाला की बाजूच्या नारळावरचे पक्षी उठले. त्यांच्या हाताला घाईत एकच खूण आठवली. तीन-तीन. तीन-तीन.

आधी पाणी, मग प्रश्न! साऱ्या वाडीत बादल्या खडखडल्या. कापणीवाले विळे टाकून पाटात घमेली बुडवू लागले. सगळ्यात पुढे पाक तार्जो. त्यांना दारातून चुलीचा धूर दिसला आणि धुरात उभा राहिलेला कुणीतरी दिसला. त्यांनी नियमाप्रमाणे बादली रिकामी केली. मागच्यांनी त्यांचं पाहून रिकाम्या केल्या. धूर विरला तेव्हा दारात सुगेंग उभा होता, हात अजून उगारलेला, डोक्यापासून पायापर्यंत निथळत, आणि त्याच्या मागे पार्तिना, बाळाला पोटाशी धरून.

"आग कुठाय?" पाक तार्जो ओरडले.

म्बा सामिनांनी बत्ता आपल्या मुलाकडे रोखला. "ही काय. समोर उभी आहे."

"आई, तू आत जा," सुगेंग म्हणाला. सवयीने हसायचा प्रयत्न केला त्याने, पण ओल्या तोंडावर हसू बसेना.

"मी कशाला आत जाऊ? घर माझ्या बापाचं आहे. तू बाहेर ये. रोज संध्याकाळी मी कोपऱ्यात तोंड दाबून बसते आणि हे सगळे समोर रेडिओ ऐकतात. आज ऐका म्हणावं."

कुणी रेडिओ लावला नाही. बाया पुढे झाल्या, कुणी बाळ घेतलं, कुणी पार्तिनाच्या खांद्यावर आपली ओढणी टाकली, आणि तिला शेजारच्या बू ङात्मींच्या घरी नेलं. पुरुषांनी सुगेंगला चौकीत बसवलं. कुणी बोट लावलं नाही त्याला, नुसते सगळे भोवती बसून राहिले. बू विदुरी आल्या, त्यांच्याबरोबर पोलिसातली एक बाई आली, आणि पार्तिनाने पहिल्यांदा बाही वर करून जे होतं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माझ्याच पायथ्याशी वाडी बसली. बरेच पुरुष कुरकुरले. "आता माझ्या बायकोच्या हातून ताट पडलं तरी हा वाजणार का?" "ताट पडल्याचा आणि बाई पडल्याचा आवाज वेगळा असतो," बू ङात्मी म्हणाल्या, "आणि तो तुम्हाला चांगला ओळखता येतो. म्हणून तर रेडिओ मोठा करता." मग सगळ्यांनी म्बा विर्यो यांच्याकडे पाहिलं. खुणा पूर्वजांच्या, त्यात हात घालायचा तर सर्वांत म्हाताऱ्याची परवानगी हवी. म्बा विर्यो उठले, माझ्या फुटलेल्या ओठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा मी घडवला. दगड लागूनही बोबडा झाला नाही. पूर्वजांनी ही खूण ठेवली नाही, ती आपल्यावर सोडली असेल. आगीचे तीन आणि चोरीचे दोन, एकापाठोपाठ. घर जळतंय आणि कुणीतरी ते लुटतंय, दोन्ही खरं आहे."

"आणि येताना काय आणायचं? बादली?" पाक तार्जोंनी विचारलं, आणि या वेळी स्वतःच आधी हसले.

"काही नको," बू विदुरी म्हणाल्या. "काठ्याही नकोत. नुसते या. बायांनी तिला आणि पोरांना बाहेर काढायचं, पुरुषांनी त्याला धरून बसायचं, एकाने मला कळवायचं. पुढचं ती सांगेल तसं."

ती नवी खूण नंतर वाजली. एकदा वरच्या आळीत, एकदा खुद्द पाक तार्जोंच्या पुतण्याच्या दारात, आणि तेव्हा पाक तार्जो स्वतः धावले. पुढे पुढे टिपराला हात लागायच्या आतच आवाज थांबू लागले. कुणी नुसतं अंगणात येऊन माझ्याकडे पाहिलं तरी पुरे व्हायचं. बू विदुरी आता बाप्यांचाही वर्ग घेतात, आणि तिथे उशिरा येणाऱ्याला बाया टाळ्या वाजवून आत घेतात.

सुगेंग पलीकडच्या गावी काकाकडे राहतो. रविवारी मुलीला भेटायला येतो, चौकीत, सगळ्यांच्या देखत, माझ्या खाली बसून. घरात घ्यायचं की नाही हे पार्तिनाने ठरवायचं आहे, आणि तिला घाई नाही. तिने तेंप्याचा व्यवसाय वाढवला. सेकार इतकी गुटगुटीत झाली की वजनाच्या दिवशी झोळी करकरते. त्या दिवशी मला वाजवण्याचं काम आता पार्तिनाकडे आहे, आणि ती हात राखून वाजवत नाही.

मध्यंतरी वाडीत टूम निघाली की आता फोनवर एक गट करावा आणि या किडक्या ओंडक्याला निवृत्त करावं. माझ्या बुडाला वाळवी लागली होती, हे खरं. पार्तिना उभी राहिली. "माझा फोन त्याने भिंतीवर फोडला होता," ती म्हणाली. "याला फोडून दाखवायला सांगा." वाडी हसली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या बुडाला तेल लागलं. उमेदवाराचा हसरा फोटोही तेव्हाच खरवडून काढला, त्याचं मला विशेष बरं वाटलं. ढलपी उडून ओठावर पडलेली खाच मात्र कुणाला भरू दिली नाही. म्बा सामिना रोज तिच्यावरून हात फिरवून जातात.

मित्रांनो, तुमच्या गावात मी नसेन, माझ्यासारखं दुसरं काही असेल. देवळातली घंटा असेल, शाळेतला टोल असेल, नाहीतर नुसती शेजाऱ्याच्या दारावर मारलेली थाप असेल. त्याला तेल लावा, वाळवीपासून जपा, थोटकं टाकू नका. पण एवढं करून भागत नाही. आमच्या वाडीने त्या दिवसानंतर आणखी एक काम केलं. वाशाचा खिळा उपटला, म्बा सामिनांना माझ्याजवळ उभं केलं, त्यांना हात वर करायला सांगितला, आणि त्यांची बोटं जिथे पोचली तिथे चौकीच्या खांबाला नवा खिळा ठोकला. तुम्हीही टिपरू तिथेच टांगा. गावातल्या सगळ्यात बुटक्या हाताला लागेल एवढं खाली.