तिसऱ्या वळणावरची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. जिन्यातल्या मीटरच्या कपाटातून बोलतेय, म्हणून आवाज जरा दबका वाटेल. तसंही मोठ्यानं बोलायला मला तोंड राहिलेलं नाही.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. चार बहिणींत मी धाकटी. लाकूड संपत आलं होतं, म्हणून माझा एक पाय किंचित आखूड राहिला. थोरल्या तिघी कधीच मोडल्या, मी उरले. मावशींनी माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि म्हणाल्या, "आपण दोघी लंगड्या. जमेल आपलं."

मावशी म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरू. पडदे शिवून द्यायच्या. वस्ती शांत, खिडकीशी झाड, शेजार चांगला. फक्त लिफ्ट नव्हती. गुडघे जास्तच दुखायला लागले तशी त्यांची लेक मागे लागली, "आई, आता माझ्याकडे चल ना."

"माझी भाजी मी स्वतः वर आणतेय, तोवर मी कुठं येत नाही," मावशींनी सांगून टाकलं. आणि दम खायला मला तिसऱ्या मजल्याच्या वळणावर आणून ठेवलं.

खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली. घरातली खुर्ची आणि जिन्यात! कुणी माझ्यावर ओली छत्री ठेवायचं, कुणी बुटाची नाडी बांधायला पाय द्यायचं. मावशी मात्र रोज यायच्या, पिशवी पोटाशी धरून वळायच्या आणि मागे न बघता बसायच्या. मी असणारच, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. "चला, आता अठराच पायऱ्या," असं मलाच सांगायच्या.

घरमालकांची एक रीत होती. कुणी घर बघायला येणार असलं की जिना पुसून घ्यायचा, नवा बल्ब लावायचा आणि मला या कपाटात कोंबायचं. "जिन्यात खुर्ची दिसली, की लोक पायऱ्या मोजायला लागतात," ते म्हणायचे. तसं करताना मावशींचं दार वाजवून सांगायचे. एके दिवशी असंच कुणीतरी घर बघायला येणार होतं, म्हणून मला कपाटात कोंबलं, तेव्हा मावशी बाजारात गेल्या होत्या. सांगायचं राहून गेलं.

आणि मी? मला बरं वाटलं हो! चारचौघांच्या नजरेतून सुटले एकदाची, म्हणून अंधारात निवांत होते. ओळखीची पावलं वर आली. पिशवी सावरल्याचा आवाज झाला. मग धप्पकन काहीतरी पडलं, आणि बटाटे एकेक पायरी खाली गडगडत गेले.

मावशींचा खुबा मोडला. स्ट्रेचरवरून नेताना लेक मालकांवर भडकली होती. मावशी कण्हत म्हणाल्या, "त्यांना नको बोलूस. मीच मागे बघितलं नाही." मला कुणी चार शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

मावशी परत आल्या नाहीत. लेकीनं सामान नेलं. मी इमारतीचीच असेन असं समजून मला कुणी विचारलंही नाही.

आज त्यांचंच घर बघायला एक जोडपं आलंय. सोबत म्हातारे वडील आहेत. ते माझ्याच वळणावर थांबलेत, त्यांची धाप मला इथं ऐकू येतेय.

"अजून बरंच चढायचंय का हो?"

"छे! ऐंशीच्या मावशी राहायच्या इथं," मालक हसून म्हणाले. "रोज भाजी घेऊन चढायच्या. कधी कुरकुर नाही."

"मग मला काय धाड भरलीय!" म्हातारे म्हणाले, आणि पावलं पुन्हा वर निघाली.

मालक एक अक्षर खोटं बोलले नाहीत. मी बाहेर असते तर त्यांना असं बोलताच आलं नसतं. आजोबा, माझा आवाज पोचत असेल तर सही करायच्या आधी एवढंच विचारा, त्या मावशी आता कुठं असतात?