कासाबाईचा दोनशे दहाचा आकडा

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की त्यांना गहिवरून येतं. मला गहिवर येत नाही, मला वीट येतो. मी रक्तदाबमापक आहे. लाकडी पेटी, त्यात उभी काचेची नळी, नळीत पारा, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि दाबायला रबरी फुगा, एवढाच माझा संसार. माणसाच्या अंगातलं रक्त किती जोरानं धावतंय हे मी आकड्यात सांगतो. खोटं बोलणं मला जमत नाही आणि खरं बोलून काय मिळतं ते मी पाहिलं आहे.

एका कारखान्यात माझी काच ओतली गेली, पारा तोलून भरला गेला आणि एका चष्मेवाल्या कारागिरानं माझी दहा वेळा परीक्षा घेतली. त्यानं शेवटी मान डोलावली तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे एकोणपन्नास साली, मी आगगाडीनं पूर्णा जंक्शनला उतरलो. तिथून बैलगाडीनं परभणी जिल्ह्यातल्या एका गावी, सरकारी दवाखान्यात. गावाचं नाव सांगत नाही. सांगून लाज वाढेल, बाकी काही नाही.

दवाखान्यात बन्सीधर नावाचे कंपाउंडर होते. त्यांनी मला पाहिलं आणि कुलपात ठेवलं. दर वेळी मोजलं की थोडा पारा खर्च होतो अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यामुळं रांगेतल्या माणसांवर पारा खर्च करायला ते तयार नसत. सात वर्षं मी एकाच माणसाच्या दंडाला बांधला गेलो. ते म्हणजे गावचे मोठे जमीनदार आबासाहेब. दर बाजारच्या दिवशी बन्सीधर मला छकड्यात घालून त्यांच्या बैठकीत नेत. आबासाहेब लोडाला टेकून डावा हात पुढं करत, कारण उजव्या हातात पानाचा विडा असे. आकडा बरा निघाला की सगळी बैठक माझं कौतुक करी. ते कौतुक ऐकून सुरुवातीला मी फुशारलो होतो, हे कबूल करतो. आज त्याची शिसारी येते.

छप्पन सालच्या वैशाखात बोरी गावाकडून मेंढरं घेऊन आलेलं एक बिऱ्हाड गावाबाहेर उतरलं. त्यातला ग्यानबा आपल्या बायकोला, कासाबाईला, पाठुंगळी घेऊन दवाखान्यात आला. डॉक्टर रजेवर होते. बन्सीधर नुकतेच आबासाहेबांकडून परतले होते आणि मी टेबलावर उघडाच होतो. कासाबाई अठ्ठावीस वर्षांची, अंगानं काटक, दिवसाला पाच कोस चालणारी बाई. ती म्हणाली, "सकाळी उठाय गेलं की पाय उचलंनात बगा. तहान त अशी लागायलीय की घागर पुरंना."

बाहेर रांग बघत होती. बन्सीधरांना मोठेपणा दाखवायची लहर आली आणि त्यांनी तिचा दंड मागितला. तिच्या डाव्या दंडात लग्नातली चांदीची वाकी होती, घट्ट रुतलेली. त्यांनी पट्टा वाकीवरूनच गुंडाळला. पारा दोनशे दहावर गेला. बन्सीधर आधी दचकले, मग हसले. वाकीमुळं आकडा चढला म्हणाले. इतका रक्तदाब बसून खाणाऱ्या मोठ्या माणसांना होतो, मेंढरामागं फिरणाऱ्या बाईला कुठला?

मित्रांनो, तिचा उजवा दंड मोकळा होता! त्यात ना वाकी, ना बांगडीचा अडसर. पण आबासाहेबांचा डावाच हात मोजायचा, म्हणून रक्तदाब डाव्याच हातात असतो असं बन्सीधर धरून चालले होते. सात वर्षं मोजूनही त्यांना हे कळलं नव्हतं. मी टेबलावर पडून होतो आणि मला ओरडता येत नव्हतं.

तिला ऊन लागलंय असा निकाल त्यांनी दिला. इलाज सांगितला मीठपाण्याचा. रोज तांब्याभर मीठपाणी प्यायचं, भाकरीवरही मीठ जास्त घ्यायचं. ती बिचारी इमानानं ते पाणी पीत राहिली. त्या पाण्यानं तिचं काय केलं, ते पुढं कळलं.

श्रावणात नवे डॉक्टर आले. दिनकरराव त्यांचं नाव. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या कपाटाचं कुलूप काढून फेकलं आणि येईल त्याच्या दंडाला मला बांधायला लागले. किती वर्षांनी मला काम मिळालं! ग्यानबा बायकोला पुन्हा घेऊन आला, या वेळी दोन माणसांच्या आधारानं. दिनकररावांनी उजवा दंड घेतला. दोनशे चौदा. त्यांनी परत मोजलं, बसवून मोजलं, निजवून मोजलं. मी तोच आकडा सांगत राहिलो. मग मिठाची हकीकत ऐकली आणि त्यांचा चेहरा पडला.

त्यांनी ग्यानबाला खाली बसून समजावलं. मूत्रपिंडावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांतली एखादी बिघडली की तिचा रस जास्त पाझरतो. तो रस अंगात मीठ धरून ठेवतो, रक्तदाब चढवतो, आणि पायांना बळ देणारा दुसरा क्षार लघवीवाटे घालवतो. वर्षभरापूर्वीच हे एका परदेशी डॉक्टरी मासिकात छापून आलं होतं. तोच हा रोग असेल तर ग्रंथीवरची गाठ कापून बाई बरी होऊ शकते. पण आधी रक्तातला तो क्षार मोजायला हवा, आणि ते यंत्र अख्ख्या जिल्ह्यात नव्हतं.

दिनकररावांनी मीठ बंद केलं, सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या. आकडा थोडा उतरला, पाय काही सुधारले नाहीत. त्यांनी हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं, दिवाळीनंतर घेऊन या.

दिवाळीच्या तोंडावरच राज्यं बदलली. मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला. गावात त्याचे पेढे वाटले गेले आणि एक पेढा बन्सीधरांनी माझ्या पेटीवरही ठेवला. कासाबाई आणि ग्यानबा मेंढरं भावाच्या हवाली करून पूर्णेहून गाडीत बसले. चार दिवसांनी परतले. तिथं काय झालं ते ग्यानबानं सांगितलं. खिडकीवरच्या कारकुनानं पत्र उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, तुमचा जिल्हा आता आमच्यात नाही, तुमच्या राज्याचा कागद आणा. ती दोन दिवस ओसरीत निजून राहिली, पण डॉक्टरपर्यंत कुणी जाऊ दिलं नाही.

दिनकररावांनी मग मुंबईकडच्या आरोग्य कचेरीला लिहिलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तार केली. पौषात उत्तर आलं. दिनकररावांनी ते बन्सीधरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. रुग्णाच्या रक्तातील सदर क्षाराचा आकडा प्रथम कळवावा, त्यानंतर तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात जागा देण्याचा विचार करता येईल.

कळलं का मित्रांनो? तपासणीसाठी जागा हवी होती, आणि जागेसाठी तपासणी आधी व्हायला हवी होती. शाई वाळवून, शिक्का मारून, सही करून कुणीतरी हे पाठवलं होतं. असल्या कागदाची मला जेवढी किळस येते तेवढी उंदरांची येत नाही, आणि उंदरांनी माझा पट्टा दोनदा कुरतडला आहे.

माघात, भर दुपारी, मेंढरांच्या लेंड्या झाडत असताना कासाबाई कोसळली. दवाखान्यात आणली तेव्हा तिचं एक अंग लुळं पडलं होतं आणि वाचा गेली होती. दिनकररावांनी मला बांधलं. दोनशे चाळीस. ज्या हाताला मी बांधलेला होतो त्या हाताकडं ती बघत होती. संध्याकाळच्या आत ती गेली.

बन्सीधरांनी नोंदवहीत मरणाचं कारण लिहिलं, अशक्तपणा. दिनकररावांनी ते खोडलं आणि सगळे आकडे तारखांसकट लिहिले. त्याखाली लिहिलं, ग्रंथीच्या बिघाडानं चढलेल्या रक्तदाबाचा संशय, तपासणी झाली नाही.

तेरावं उरकून ग्यानबा उरलेल्या गोळ्या परत करायला आला. दुसऱ्या कुणाच्या कामी येतील म्हणाला. पुडी टेबलावर ठेवली, जायला वळला आणि थांबला.

"साहेब, तुमचा राग न्हाई," तो म्हणाला. "पर आकडा त उन्हाळ्यातच दिसला होता. दोन्ही राज्यायला दिसला. मंग कोनीच तिला आत कामून घेतलं न्हाई?"

बन्सीधर फरशीकडं बघत उभे राहिले. पुढं कितीतरी दिवस त्यांनी मला पुसून झाल्यावर कपाट बंद केलं नाही. पण ते शहाणपण कासाबाईच्या काय कामाचं?

आता एकोणीसशे साठ साल आहे. बाहेरच्या पाटीवर राज्याचं नाव पुन्हा नव्यानं रंगवलं आहे. माझ्या काचेला चीर गेली आहे, रबर कडक झालं आहे, पट्ट्याला ठिगळ आहे. पारा मात्र जेवढा होता तेवढाच आहे. लोक येतात, मी आकडा सांगतो, आणि तरुण माणसाचा आकडा असाच चढलेला दिसला की दिनकरराव पुन्हा कागद लिहायला बसतात. रक्तातला तो क्षार मोजायची सोय अजून आमच्याकडे नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसलीत, मला तेलपाणी केलंत तर बरंच वाटेल. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यातलं कुणी डॉक्टर होईल, कुणी कंपाउंडर, कुणी त्या खिडकीवरचा कारकून. तुमच्यासमोर असं कुणी उभं राहिलं तर त्याला आधी आत घ्या, कागद नंतर भरा. कागद थांबू शकतो. कासाबाईला तिसावं वर्षही लागलं नव्हतं.