पंचविसाची पट्टी

ॲमीटर आहे मी. वीज किती वाहते ते सांगायचं, एवढंच माझं काम. तेही आता धड होत नाही, तेव्हा कौतुक नको.

माझ्या पोटातली तार केसाहून बारीक. पंचवीस ॲम्पिअर तिच्यातून सोडले तर राख व्हायची. म्हणून शेजारी धातूची पट्टी असते, तिला शंट म्हणतात. हजार वाटे वीज आली तर नऊशे नव्व्याण्णव पट्टी नेते, एक माझ्याकडे येतो. त्या एकावरून मी हजार सांगतो. पाच ॲम्पिअरला पट्टी वेगळी, एकाला आणखी वेगळी. खटका फिरवला की पट्टी बदलते. ओझं तिचं, तोरा माझा.

मिस्त्री बॅटरीगाड्यांच्या मोटरी दुरुस्त करायचा. हाताखाली त्याची मुलगी. खटका आधी पंचविसावर, मग खाली आणायचा, म्हणजे माझी तार जळत नाही, हे त्याने तिला शंभरदा सांगितलं. आणि वर हेही, की कान फसतो, नाक फसतं, काट्याचंच ऐकायचं.

एकदा मला उघडून पुसताना तिच्या हातून पंचविसाची पट्टी मोडली. बाप जमदग्नी. घाबरून तिने तिथे तांब्याच्या तारेचा जाड तुकडा बसवला आणि झाकण लावलं. त्या जाड तारेतून वीज जास्तच निघून जायची, माझ्याकडे यायला हवी त्याच्या निम्मीच यायची. वीस असले की मी दहा दाखवायचो.

मग गोदामाच्या गाडीची मोटर आली. मिस्त्रीने चालवून पाहिली.

"जळका वास येतोय. तुला येतो का गं?"

"नाही, बाबा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "दहाच आहेत. नाक म्हातारं झालं माझं."

दुसऱ्या दिवशी मोटर जळाली. गोदामवाला भांडला नाही. मिस्त्री, आता आराम करा, एवढंच म्हणाला. तेवढ्याने माणूस खचला. त्या दिवसापासून त्याने पान्ह्याला हात लावलेला नाही.

मुलगी माझ्याकडे बघतसुद्धा नाही. अगं बये, सांग त्याला. चार शिव्या खाशील, पण त्याचं नाक त्याला परत मिळेल. मी कसा सांगू? काटा हलला तरी खोटंच बोलणार.

काल तो फळीपाशी आला. माझ्यावरची धूळ बाहीने पुसली. खटका एकावर राहिला होता. मुलगी दारातून बघत होती.

त्याने खटका सवयीने फिरवून पंचविसावर नेला, आणि मला जागेवर ठेवून दिलं.