आठव्या गाण्याचं शेपूट

त्या गाण्यापुढे वहीत तीन चांदण्या मी काढल्या होत्या. पुढचं सगळं त्यातून झालं, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

ताई जाऊन अकरा महिने झाले होते. ताई माझी सख्खी बहीण नव्हे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या कपाटांना आतून जिचे फोटो चिकटवलेले आहेत, ती गायिका. पण तिची सगळी गाणी माझ्या बाबाने रेकॉर्ड केली, आणि मी दुपट्यात होते तेव्हापासून ती आमच्या स्टुडिओत येत होती, म्हणून माझी ताई. साध्या तापाचं निमित्त झालं आणि नऊ दिवसांत ती गेली. मागे राहिली ती बाबाच्या कॉम्प्युटरमधली चार वर्षांची गाणी. तिने कधीच बाहेर न काढलेली. कंपनीला त्यातून आठ गाण्यांचा अल्बम करायचा होता.

आमचा स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि मधे एक काच. खालच्या मजल्यावर दंतवैद्य आहेत. त्यांचं मशीन सुरू झालं की आमचं रेकॉर्डिंग बंद, त्यामुळे कोणाची दाढ किती वाजता आहे हे बाबाला पेशंटच्या आधी माहीत असतं. सुट्टीत मला काम मिळालं: ताईचे सगळे टेक, म्हणजे तिने एकेक गाणं जितक्या वेळा म्हटलं ती सगळी रेकॉर्डिंग, ऐकायचे आणि वहीत शेरे लिहायचे. एकूण दोनशे बारा टेक. आई म्हणाली, "एवढं चित्त अभ्यासात लावलं असतंस तर." पण बाबा मला कानसेन म्हणतो आणि ते उगीच नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं की चौथ्या गाण्यात ताईला सर्दी आहे आणि पाचव्यात ती उभी नाही, बसलीय. त्याने परत ऐकलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की त्या दिवसापासून मी स्टुडिओत दार न वाजवता शिरायला लागले. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नव्हते. आता कंपनीच्या माणसासमोर "नाही, दुसरा टेक चांगला आहे" असं म्हणत होते, आणि तो ऐकत होता.

तो माणूस म्हणजे शुक्रवारकाका. त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट शुक्रवारपर्यंत हवी असते, म्हणून हे नाव आमच्या घरातलं.

आता शेपूट म्हणजे काय, ते सांगायला हवं. गाण्याचा शेवटचा सूर संपला तरी बाबा रेकॉर्डिंग थांबवत नाही. तो एक बोट वर धरतो, आणि ते खाली येईपर्यंत कोणी हलायचं नाही, खोकायचं नाही. नुसत्या खोलीचा आवाज तो घेत राहतो. पुढे गाण्यात कुठे काही कापलं तर त्या जागी शांतता जोडावी लागते, आणि बाबा म्हणतो, दर दिवसाची शांतता वेगळी असते, एकीला दुसरीचं ठिगळ लागत नाही. म्हणून प्रत्येक टेकला शेपूट. पुष्कळदा बोट खाली आल्यावरही तो बंद करायला विसरतो आणि त्यात गप्पा येतात. मी मात्र एकही शेपूट ऐकलं नव्हतं. गाणं संपलं की पुढचं लावायचे. दोनशे बारा टेक होते हो.

आणि आजी. ताईची आई. अल्बमला त्यांनीच परवानगी दिली होती, एकाच अटीवर: सगळ्यांच्या आधी त्यांना ऐकवायचा. रोज चारला त्यांचा फोन यायचा.

"आज किती झाली गं?"

"सहा, आजी."

"माझी पोर कंटाळा नाही ना आणत तुला?"

मग थोडं इकडचं तिकडचं. एके दिवशी त्यांनी अगदी सहज विचारलं, "माझ्यावर एखादं केलं होतं का गं तिने? म्हणजे नसेल तर नसेल."

आणि मी, कानसेन, फुशारून म्हणाले, "आहे, आजी. सगळ्यात भारी तेच आहे. आत्ता नाही सांगत. थेट ऐका."

कारण तीन चांदण्यांचं गाणं आजींवरच होतं. ताई सोळा वर्षांची असताना परीक्षेचा पेपर बुडवून गाण्याच्या स्पर्धेला गेली होती, आणि घरी आली तर आजींनी आतून कडी लावलेली. अख्खी दुपार ती पायरीवर. ताई ते गाणं इतकं हळू म्हणते की प्रत्येक श्वास ऐकू येतो:

*दाराखालच्या फटीमधून तुझी दोन पावलं,*
*तीही तिथेच थांबलेली, मीही तिथेच थांबले.*

उन्हं पायरीवर येतात, सावली येते, कडी काही निघत नाही, आणि तिथेच गाणं संपतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हेडफोन काढून पाच मिनिटं भिंतीकडे बघत बसले होते. आजींना ते ऐकून कसं वाटेल, हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. एवढं सुंदर आहे तर वाटेलच की छान, असं काहीतरी मी धरून चालले होते. शुक्रवारकाकांना ऐकवलं तर ते म्हणाले, "झालं. अल्बमचं नाव 'कडी'. आठवं गाणं, शेवटचं."

त्या गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी खालच्या मशीनचा बारीक घूं आवाज होता. तो कापून तिथे शांतता जोडायची होती. बाबा म्हणाला, "शेपटातली चार सेकंद काढून दे." मी हेडफोन लावले.

बारा सेकंद काहीच नाही. मग खुर्ची करकरली. पाण्याचा घोट. आणि ताई बोलली.

ती गाते तेव्हा सगळ्यांची असते. बोलली तेव्हा ती माझ्या शेजारी होती.

"दादा, हे पूस."

"बरं," बाबाचा आवाज.

"तुझं ते नेहमीचं 'बरं' नको. माझ्यासमोर पूस. खोटं गाणं आहे रे. तिने उघडलं होतं दार. सावली पायरीवर यायच्या आधीच. वर म्हणाली, हात धू, जेवून घे, आणि स्पर्धेत म्हटलंस ते मला म्हणून दाखव. ते काही चालीत बसेना, मग मी गाळलं." ती हसली, नाकातून, तिचं ते सुरू होता होता थांबणारं हसू. "आता कडवं चांगलं जमलं म्हणून आईला जन्मभर दाराआड उभी करू का? पूस."

"पुसतो."

"शप्पथ?"

"शप्पथ."

टक्. फाइल संपली.

मी काचेतून बाबाकडे पाहिलं. तो पलीकडच्या खोलीत वायरी गुंडाळत होता, अगदी नेहमीसारखा, कोपरावरून पंजावर, पंजावरून कोपरावर. वर्गातल्या मुलीचं खोडरबर मी घरी आणलं म्हणून ते परत द्यायला मला पाठवणारा हाच माणूस. मला वाटलं, मी उठून त्याच्याकडे जातेय. पाहते तर तशीच बसलेली.

शेवटी तोच आला. "मिळाली चार सेकंद?"

मी हेडफोन त्याच्या कानांवर ठेवले आणि परत लावलं. त्याने पहिला शब्द ऐकला आणि डोळे मिटले. शेवटच्या 'टक्'पर्यंत उघडले नाहीत.

"तू शप्पथ घेतली होतीस," मी म्हणाले.

"ती इकडे माझ्या शेजारी येऊन बसली. पडद्यावरून काढलं मी. डिस्कवर राहिलं."

"राहिलं की ठेवलंस?"

तो म्हणाला, "रोज म्हणायची गं ती, हे पूस, ते पूस. आणि दुसऱ्या दिवशी दारातूनच, 'कालचं आहे ना रे?' म्हणून मी काहीच पुसायचो नाही. तिलाही माहीत होतं."

"मग याचं विचारलं होतं का तिने दुसऱ्या दिवशी?"

"नाही."

"नंतर?"

"दोन वर्षांत एकदाही नाही."

"मग माझ्या चांदण्या बघून बोलला का नाहीस?"

"कारण बरोबर होत्या." तो इतक्या हळू बोलला की मला त्याचा राग येता येता राहिला. "तिने गायलेलं सगळ्यात चांगलं तेच आहे. मला पुसवेना. तू पुसलं असतंस?"

"हो."

"खरं सांग."

मी वहीकडे पाहिलं. तीन चांदण्या, वर सोनेरी पेनाने गिरवलेल्या. आणि मी आजींना काय सांगून बसले होते, ते तेव्हा मला आठवलं. बाबाला सांगितलं, तर तो खाली बसला, खुर्ची आहे की नाही हेही न बघता. होती, नशीब.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारकाका आले तेव्हा मी ठरवून टाकलं होतं. समजावत बसायचं नाही, फक्त ऐकवायचं. ताईचा आवाज ऐकल्यावर कोणता माणूस गाणं मागेल? मी शेपूट लावलं. काकांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे खरंच भरले होते, हे मी मान्य करते. मला वाटलं, जिंकलो.

"हे ठेवायचं," ते म्हणाले.

"काय ठेवायचं?"

"हेच. गाणं संपलं, शांतता, आणि मग ती: 'दादा, हे पूस.' तिथे कापायचं. अल्बम संपला. लोक ढसाढसा रडतील."

मला आधी वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. मी बाबाकडे बघितलं. त्याचीही ऐकण्यात चूक झाली असावी, असा त्याचा चेहरा.

"काका," मी म्हणाले, "ती नको म्हणतेय."

"म्हणून तर. बाळा, तू लहान आहेस. हे असं मागून मिळत नाही."

"पुढचं वाक्य कापलंत तर आजींनी दार उघडलंच नाही असं होईल."

"पुढचं वाक्य लांब आहे," काका म्हणाले.

बाबा उठला. त्याने काकांना बाजूला हो म्हटलं नाही, पण ते झाले. त्याने पडद्यावरून फाइल काढली. मग डिस्क उघडली, तिथून काढली. मग सगळ्याची दुसरी प्रत असलेली कपाटातली जोडडिस्क लावली आणि तिथूनही. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर विचारत होता, नक्की ना, परत मिळणार नाही. त्या गाण्याचा टेक एकच होता, आणि काम पुरं होईपर्यंत बाबा स्टुडिओबाहेर काही देत नाही, त्यामुळे जगात त्या गाण्याची तिसरी प्रत नव्हती. माझं काळीज इतकं धडधडत होतं की माइक चालू असता तर रेकॉर्ड झालं असतं.

"पुसलं," बाबा म्हणाला. काकांना नाही. काचेपलीकडच्या रिकाम्या खुर्चीला.

काका चष्मा घालून म्हणाले, "वेडे आहात दोघं." आणि दारातून, "सात गाण्यांचा अल्बम कोणी ऐकलाय का? आठवं शोधा. शुक्रवारपर्यंत."

ते गेल्यावर आम्ही दोघं हसत सुटलो, पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला इतकं हलकं वाटत होतं. ताईचं ऐकलं होतं आम्ही.

चारला फोन वाजला. बाबा म्हणाला, "मी बोलू?" मी नको म्हणून मान हलवली. सांगून मी बसले होते.

"आजी, तुम्हाला ज्या गाण्याबद्दल बोलले होते ना, ते आता अल्बममध्ये नाही. ताईने ते पुसायला सांगितलं होतं. आम्हाला उशिरा कळलं. आज पुसलं."

आजींनी विचारलं, "कडीचं होतं का?"

"हो, आजी."

"गुणगुणायची ती इथे. चूल पुसताना, केस विंचरताना. मी खोलीत गेले की थांबायची. तिला वाटायचं, मला ऐकू येत नाही." त्या खोकल्या. "पहिलं कडवंच ऐकलंय मी. मला एवढंच सांग. शेवटी मी दार उघडते का त्यात?"

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, आम्ही काय केलं होतं.

गाणं पुसलं, ते ताईला हवं होतं. पण शेपूटही त्याच फाइलमध्ये होतं. तिने उघडलं होतं दार, हे ताईच्या स्वतःच्या आवाजात जगात एकाच ठिकाणी होतं, आणि ते आम्ही तीन-तीनदा नक्की ना विचारल्यावर हो म्हणून घालवलं होतं. चार सेकंद थांबून आधी आजींना फोन लावावा, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. शुक्रवारकाकांनी ते वाक्य कापलं असतं, पण निदान ते वाक्य तिथे आहे, आणि लांब आहे, हे तरी त्यांना दिसलं होतं.

बाबाने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यालाही कळलं.

"आहेस ना गं?" आजी म्हणाल्या.

"आहे." "गाण्यात नाही उघडत, आजी. पण गाणं संपल्यावर ताई बोलली होती. ते मी ऐकलंय. दोनदा."

"काय बोलली?"

मी सांगितलं. सावली पायरीवर यायच्या आधीच. हात धू, जेवून घे. स्पर्धेतलं म्हणून दाखव.

आजी म्हणाल्या, "असं नको. तू बातमी सांगतेस तसं सांगितलंस. ती बोलली तसं सांग. कानसेन ना तू?"

मी डोळे मिटले. खुर्चीची करकर आठवली, पाण्याचा घोट आठवला. मी ताईसारखी हळू सुरुवात केली, 'खोटं गाणं आहे रे' वर तिच्यासारखी वैतागले, आणि 'मग मी गाळलं' नंतर नाकातून हसले, सुरू होता होता थांबले. 'आईला जन्मभर दाराआड उभी करू का' इथे मात्र आवाज माझाच आला. तो तसाच जाऊ दिला.

मग मी थांबले. फोनमधून आजींच्या खोलीचा आवाज येत होता. पंख्याची टकटक, लांब कुठेतरी नळाचं पाणी, आणि मधे आजी, काही न बोलता. मी डोळे उघडून बाबाकडे पाहिलं. तो दारात उभा होता, एक बोट वर धरून, आणि ते त्याने अजून खाली आणलं नव्हतं.